पौड–ताम्हिणी लोहमार्ग

श्रावण वद्य द्वितीया, सोमवार

आज स्नानसंध्या आटोपल्यावर आसनावरून उठण्यापूर्वी एक संकल्प सोडला. तो येथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरण्यास जागा उरणार नाही. शारदेच्या आगगाडीत मी सहभागी होणार.

माझी पत्नी शारदा निवृत्त होईपर्यंत भोसरीच्या एका कारखान्यात विजेच्या मीटरची जोडणी करीत असे. गेली दोन वर्षे आमच्या भूगावच्या घरात, वरच्या पूर्वेकडील खोलीत, ती एक लहानशी रेल्वे उभारीत आहे. मुळशी तालुक्यात आगगाडी कधी आली नाही. ती यावी, पौडहून निघावी, धरणाच्या काठाकाठाने जावी आणि ताम्हिणीचा घाट चढावी, असे तिने ठरविले आहे. प्लायवूडच्या फळ्यांवर तिने तालुका मांडला आहे. इंजिन माझ्या तळहाताएवढे आहे.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. आजही दर रविवारी दत्तमंदिरात प्रवचन करतो. आगगाडीस मी बालक्रीडा समजत आलो. परंतु चैत्रापासून आम्हा उभयतांचे बोलणे भाजी, गॅसचे सिलिंडर आणि औषधाच्या गोळ्या एवढ्यावर आले आहे. काल वरच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. शेजारच्या लीलाबाई तिच्याजवळ बसल्या होत्या. माझ्याजवळ बसून शारदा अशी केव्हा हसली, ते आठवेना. म्हणून हा संकल्प.

तिला सांगितले तेव्हा तिने हातातील पक्कड खाली ठेवली.

"तुम्ही? बोलणार नसाल तर या."

"म्हणजे काय?"

"म्हणजे प्रत्येक स्क्रूवर भाष्य नको."

अट मान्य केली. मग ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत गाडी घाट चढली पाहिजे. पुढं माझ्याच्यानं होईल, न होईल." उत्तरायुष्यातील ही अनासक्ती पाहून समाधान वाटले.

श्रावण वद्य षष्ठी

पहिले काम मिळाले. पौड स्थानकातील सरळ रूळ बसविणे. दोरी ताणून, खडूची रेघ मारून, खिळे ठोकले. शारदा वाकली. पक्षी पाहतो तशी मान एका बाजूस वळवून तिने पाहिले.

"वाकडा आहे."

उपटला, पुन्हा बसविला. "वाकडाच आहे. मधे नागमोडी दिसतोय." तिसऱ्या खेपेस मी पोलादी पट्टी लावून दाखविली.

"पट्टी खोटी सांगते का?"

"मग माझे डोळे खोटे सांगतात का?" ती एवढ्या जोराने म्हणाली की मी चपापलो.

खाली येऊन विचार केला. पूर्वी गुरुगृही शिष्याकडून तेच लाकूड पुनःपुन्हा फोडवून घेत. लाकूड फुटावे हा हेतू नसे, अहंकार फुटावा हा असे. संध्याकाळी मी काहीही न बदलता केवळ हातोडीने दोनदा टकटक केले. ती म्हणाली, "असू दे आता." गुरू प्रसन्न झाला असे मानतो.

भाद्रपद, गौरीविसर्जनाचा दुसरा दिवस

सणामुळे लेखन राहिले. एक नोंद. यंदा शारदेने गौरीपुढे छापाची रांगोळी टाकली. तिच्या ठिपक्यांच्या रांगोळीस गल्ली पाहावयास येई. विचारता म्हणाली, "कंटाळा आला." आगगाडीने एवढे मन व्यापले आहे. बोललो नाही. अट आहे.

दुसरी नोंद आनंदाची. हल्ली रोज सकाळी ती मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयास सांगते. स्वतः डोळे मिटून ऐकते. इतक्या वर्षांनी तिला श्रवणाची गोडी लागली, हे माझ्या संगतीचे फळ असावे.

दुपारी लीलाबाई आल्या. ही आमची सारी वसाहत त्यांच्या सासऱ्यांच्या शेतात उभी आहे. आता त्या चार खोल्या भाड्याने देतात आणि कोणाच्याही घरात न विचारता शिरतात. त्यांनी कमरेवर हात ठेवून आमचा तालुका न्याहाळला.

"काकू, समदं केलंय तुमी. धरान हाय, डोंगार हाय. आन भात कुटंय?"

"भात?"

"पौड म्हंताय न् भाताचं खाचर न्हाई? मग ते काय पौड म्हनायचं? कोल्हापूर म्हना."

शारदा पोटभर हसली. मीही हसलो. भाताची खाचरे माझ्याकडे आली आहेत. काथ्याचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून रोपे करीन.

निघताना अंगणात लीलाबाई हळूच म्हणाल्या, "गुरुजी, काकू बोलताना माज्या खांद्याकडं का बगत्यात वो? माझं तोंड एवढं वंगाळ हाय व्हय?"

मी त्यांना सांगितले की दृष्टीस दृष्टी न भिडविणे हे विनयाचे लक्षण आहे. लीलाबाई "आसंल बया" म्हणून गेल्या.

भाद्रपद वद्य एकादशी

पितृपक्ष चालू आहे, परंतु काम थांबविलेले नाही. घाटातील दुसरा बोगदा झाला. आता तारा जोडावयाच्या आहेत. शारदा रोज माझी परीक्षा घेते.

"ही कोणती?"

"तांबडी."

"आणि ही?"

"तीही तांबडीच. नव्हे, तपकिरी."

"नीट बघून सांगा. तांबडी तपकिरीला लागली तर सगळं जळेल."

आज तिने सोल्डरची तापलेली सळई माझ्या हाती दिली. धूर नाकात गेला, पहिला सांधा मेणबत्तीसारखा ओघळला, चौथा मात्र चकचकीत बसला. मला एवढा आनंद झाला की सायंसंध्येस उशीर झाला. हे काम ती स्वतः झरझर करीत असे, मग मला का दिले, असे विचारता म्हणाली, "शिकायचंय ना तुम्हाला?" तिच्या तर्जनीवर भाजल्याची पट्टी आहे. कशाने भाजले ते सांगितले नाही.

आमचा मुलगा शैलेश माणहून आला होता. तो तेथे कंपनीत आहे.

"बाबा, तुम्ही सोल्डरिंग करताय? सीरियसली?" मग वर पाहून, "आई, केवढे लाइट लावलेत! ऑपरेशन थिएटर वाटतंय."

"तुझ्या डोळ्यांत खुपतात का?" शारदा म्हणाली. त्याने मुकाट्याने चहा घेतला.

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी

आज आयुधांची पूजा. घरोघरी गाड्यांना, यंत्रांना हार घालतात. आमच्या घरी आजवर मी केवळ पोथ्या पूजिल्या. यंदा वाटले, या घरातील खरी आयुधे वरच्या खोलीत आहेत. शारदा लीलाबाईंकडे गेली होती, तेवढ्यात गुपचूप सारे उरकावे असे ठरविले.

पक्कड, कानस, सोल्डरची सळई पाटावर मांडली. इंजिनास पंचपाळ्यातील हळदकुंकू वाहिले, अक्षता वाहिल्या. नंतर मनात आले की मार्ग हाही देवता आहे. पौडपासून ताम्हिणीपर्यंत वीतभर अंतरावर दोन्ही रुळांना कुंकवाची बोटे लावली. ओले कुंकू गळून पडते, म्हणून त्यात किंचित तूप मिसळले. घाटातील वळणावर हात पोहोचेना, तेथे स्टुलावर चढलो. करड्या रुळांवर ती तांबडी ओळ फार शोभली.

शारदा परतली, दारात थांबली.

"झेंडूचा वास येतोय," ती म्हणाली. "पूजा केलीत?" आणि पाटावरील सळईवर हात ठेवून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. रुळांविषयी अवाक्षर काढले नाही. बहुधा आनंदाने बोलता आले नसावे.

विजयादशमी

इंजिन हलत नाही. पौड सोडून वीतभर जाते, आचका देते, थांबते.

शारदेने दुपारपर्यंत मीटर लावून एकेक तार तपासली. मी विचारले, पूजेत माझ्याकडून काही चुकले का? "पूजेनं इंजिन बंद पडत नाही," ती म्हणाली. एवढे निःसंदिग्ध उत्तर मिळाल्यावर मी तो विचार सोडला. माझ्या साऱ्या सांध्यांवर तिचा संशय आहे. उद्या सगळे उकलून पुन्हा जोडावयाचे.

आश्विन शुद्ध द्वादशी, शनिवार

काल दिवसभर आणि आज सकाळी सांधे पुन्हा जोडले. इंजिन तसेच. शारदा रुळांवरून बोटे फिरवीत होती, "चिकट का लागतंय?" असे पुटपुटत होती. तेवढ्यात लीलाबाई भाताच्या खऱ्या लोंब्या घेऊन आल्या.

"आगं बया बया! रुळाला कुकू कुनी फासलं वो? लगीन हाय का गाडीचं?"

शारदेचा हात जागच्या जागी थांबला.

"कुठे?" ती म्हणाली.

तिची बोटे कुंकवावर होती. त्यांची टोके तांबडी झाली होती.

"कुटं म्हंजे? हे काय, हातालाच लागलंय तुमच्या. काकू, तुमाला दिसत न्हाई?"

शारदेने हात पदराखाली घेतला. "दिसतंय की," ती म्हणाली. "लीलाबाई, चहा ठेवते हं," आणि जिना उतरून गेली. उतरताना कठडा सोडला नाही.

लीलाबाईंनी लोंब्या माझ्या हाती दिल्या. "गुरुजी," एवढेच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून निघून गेल्या.

मी स्टुलावर बसलो. मग मला नागमोडी रूळ आठवला. रांगोळी, वर्तमानपत्र, तारांचे रंग, बोटावरची पट्टी, खांद्याकडे पाहणे. एकेक आठवत गेले. यांपैकी प्रत्येक गोष्ट मी स्वतःच्या हाताने या वहीत लिहिली आहे आणि प्रत्येकीखाली स्वतःस प्रशस्तिपत्र दिले आहे. अधिक लिहवत नाही.

आश्विन शुद्ध त्रयोदशी, रविवार

प्रवचन रद्द केल्याचा निरोप मंदिरात धाडला. स्वयंपाकघरात गेलो. शारदा चाचपून शेंगा मोडीत होती.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"शारदा."

तिने शेंगा खाली ठेवल्या. "डावा गेल्या वर्षीपासून. मधोमध डाग पडतो. तुमच्याकडं बघितलं की कान दिसतात, चेहरा दिसत नाही. उजवा चैत्रापर्यंत ठीक होता. आता त्यातही रेघा वाकतात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चष्म्याच्या दुकानातला म्हणाला, पडद्याच्या डॉक्टरकडं जा. लगेच जा म्हणाला."

"आणि तू गेली नाहीस."

"नाही."

"आपण उद्या सकाळी जाऊ."

"दिवाळी झाल्यावर. घाट होऊ द्या."

"उद्या."

"अहो, तो म्हणेल बारीक काम बंद! सगळे तेच म्हणतात. मग मी काय करू दिवसभर? तुमचं प्रवचन ऐकत बसू?"

ती थांबली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही श्लोक सांगितला असता. देह नश्वर आहे वगैरे. मला तो नको होता."

खरे सांगतो, त्याही क्षणी तो श्लोक जिभेवर होता. गिळला. गिळणे कठीण गेले. मग मी माझ्या परीने जे बोललो ते येथे नोंदवितो, कारण ते वचन आहे. डॉक्टर काहीही म्हणोत, खोलीस कुलूप लागणार नाही. हात माझे, डोळे माझे, रेल्वे तुझी. परंतु उद्या सकाळी तू रिक्षात बसणार आहेस, आणि बसली नाहीस तर मी दारात आसन घालून बसेन, उठणार नाही.

"उपोषण करणार?"

"करीन."

"तुम्हाला अकराला भूक लागते."

"लागू दे."

तिने पुन्हा शेंगा मोडावयास घेतल्या. "साडेआठला निघू," ती म्हणाली. "चांदणी चौकात गर्दी होते."

कोजागिरी

कोथरूडच्या नेत्ररुग्णालयात डॉक्टरबाईंनी तिला चौकटींची एक पाटी दाखविली. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहावयाचे. "रेघा कशा दिसतात, आजी?" शारदा म्हणाली, "पाण्यात काठी दिसते तशा." मला त्या रेघा सरळ दिसत होत्या. त्या पाटीकडे मला फार वेळ पाहवले नाही.

डावीकडील मधली नजर परत येणार नाही. उजव्या पडद्याखाली पाणी झिरपते आहे. डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतील, दर महिन्यास एक, आरंभी तीन. जेवढे आहे तेवढे बहुधा टिकेल, कदाचित थोडे सुधारेल. आणखी उशीर झाला असता तर हेही म्हणता आले नसते.

शारदेने शेवटी विचारले, "बारीक काम बंद ना?"

"कोण म्हणालं? करा की. वापरल्याने डोळा झिजत नाही. उजेड भरपूर घ्या, भिंग घ्या."

शारदा त्यांच्याकडे पाहतच राहिली, म्हणजे त्यांच्या कानाकडे. परतताना रिक्षात ती रडली. मी तिचा हात धरला. रिक्षावाला आरशातून पाहत होता. पाहू दे.

आश्विन वद्य तृतीया

पहिले इंजेक्शन झाले. आज दिवसभर डोळ्यावर पट्टी. माझा मुक्काम वरच्या खोलीत. स्पिरिटमध्ये कापड भिजवून रूळ पुसतो आहे. इंजिनास वीज रुळांतूनच मिळते; ती माझ्या तुपाने अडली होती. तुपातील कुंकू फार चिवट असते. शारदा खुर्चीत बसून आवाज ऐकते आणि माझी थट्टा करते.

"निदान तूप घरचं होतं का?"

"गाईचे होते."

"मग इंजिनानं पुण्य मिळवलं म्हणायचं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "घाट कसा दिसतो हो? लांबून? मी तो फक्त नाकाला लावून केलाय."

मी घसा साफ केला आणि म्हणालो की मेघांच्या पंक्तीने वेढलेला तो नीलवर्ण गिरिराज जणू...

"अहो. हे आधी कुणीतरी दुसऱ्या डोंगराबद्दल म्हटलंय. माझा घाट सांगा."

मी पाहत राहिलो. मला काही सुचेना. पन्नास वर्षे जे जे सुंदर दिसले त्यास लावावयास कोणाचे तरी वचन हाताशी होते. ते बाजूस ठेवल्यावर माझ्यापाशी एक वाक्य निघेना. "दुसऱ्या बोगद्यावरचे प्लास्टर तडकले आहे," असे शेवटी म्हणालो.

"हं. हे कळलं," ती म्हणाली. "रोज सांगत जा."

आश्विन वद्य एकादशी

तिसऱ्या वळणावर डबे रुळावरून उतरतात. आज नऊ-दहा वेळा उतरले. शारदा बोटांनी रूळ चाचपते, मी भिंगातून पाहून सांगतो, ती बरोबर जागा पकडते. "बाहेरचा रूळ खाली बसलाय. खाली पत्रा सरकवा. अजून. बास, बास!" शैलेश म्हणतो, मी येऊन लेझरने लेव्हल करून देतो. त्याची आई म्हणाली, "तू फराळाला ये. लेव्हल आम्ही करतो."

पारायण दोन दिवस राहिले आहे. पुढे भरून काढीन.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, पाडवा

सकाळी शारदेने मला ओवाळले. निरांजन माझ्या चेहऱ्याभोवती फिरविताना ती डोळे किंचित बाजूस नेऊन पाहत होती. तसे पाहिले की मी तिला दिसतो, हे आता मला ठाऊक आहे. ओवाळणी म्हणून ताटात नव्या फळीचे माप लिहिलेली चिठ्ठी ठेवणार होतो, परंतु ती तिला वाचता येणार नव्हती. म्हणून तोंडाने सांगितले, "ताम्हिणीच्या पुढे उतार करू. कोकणात नेऊ." ती म्हणाली, "आधी चढू तर द्या."

दुपारी लीलाबाई आल्या. त्यांची खाचरे त्यांनी दोनदा तपासली. शारदा नियंत्रकापाशी बसली. मी घाटाच्या बाजूस उभा राहिलो, कारण वळणापलीकडचे तिला दिसत नाही.

"सोडू?"

"सोड."

"आता बोला तुम्ही."

मी बोलू लागलो. इंजिन पौडहून निघाले. भाताजवळून गेले. धरणाच्या भिंतीवर आले, पाण्यात त्याची सावली पडली आहे. पहिल्या बोगद्यात शिरले. चार डबे आत गेले. आता काही दिसत नाही. आता दिवा दिसला. बाहेर आले. डोंगर उजवीकडे आहे, तुझ्या अंगठ्याचा ठसा प्लास्टरमध्ये राहिला आहे, त्याच्या शेजारून चालले आहे. तिसरे वळण. तिसरा डबा डुलतो.

"कुठल्या बाजूला?"

"दरीकडे."

तिने वेग कमी केला. लीलाबाईंनी माझी बाही घट्ट धरली होती.

"आता?"

"आता नाही डुलत. दुसरा बोगदा. बाहेर आली. चढते आहे. हळूहळू चढते आहे. ताम्हिणी आली. पोचली, शारदा, पोचली!"

लीलाबाईंनी टाळ्या पिटल्या. "आलं गं बाई येष्टीबिगर ताम्हिणीला!"

शारदेने हात उचलला नाही. "फलाटाला लागली?"

मी वाकून पाहिले. खोटे सांगावे असे क्षणभर वाटले. "इंजिन बोटभर पुढे गेले आहे."

"मग पोचली नाही. मागं घेते. पुन्हा पहिल्यापासून सांगा."

पुन्हा पौडपासून सांगितले. या खेपेस फलाटापाशी इंजिन नेमके थांबले. शारदा खुर्चीत मागे रेलली, तिने डोळे मिटले.

मग म्हणाली, "उद्या तुम्ही चालवा. मी सांगते."

"तुला वळणापलीकडचे दिसणार नाही."

"ऐकू येतं की. गाडी अडली की लगेच कळतं मला." तिने मान थोडी वळवून माझा चेहरा शोधला. "तुम्ही अडलात की पण कळतं."

लीलाबाई खो-खो हसल्या. मी त्यांना करंजी दिली.